राजाला उचलणाऱ्या देवकाबाई

संत्र्याच्या फुलांचा वास आधी दिसतो आणि मग येतो, असं पुंडलिकराव म्हणायचे. फेब्रुवारीतल्या सकाळी मोहगावच्या बागांवरचं धुकं उठायला लागलं की ते डोळे बारीक करून बोट दाखवत. "तो पाहा, वास उठून राहिला." मी पाहायचो. मला फक्त धुकं दिसे. पण त्यांनी सांगितलं की खरं वाटे, कारण हा माणूस आमच्या मंडळीतला राजा होता.

आमची खडी गंमत होती, गावोगावी लोकांच्या मधे उभ्यानं रंगणारा, तमाशासारखा खेळ. बायांचं काम पुरुषच करत, आणि राणीचं काम माझ्याकडे होतं. वनवासात राणीला मूर्च्छा येई. पुंडलिकराव मला दोन्ही हातांवर उचलून घेत आणि गॅसबत्तीच्या उजेडात लोकांच्या मधून चालत जात. शेवटी थांबून म्हणत, "राणी, डोळे उघड. वन सरलं." पांढुर्ण्यात, सावरगावात, सौंसरच्या बाजारात, कुठंही खेळ असो, लोक तेवढ्यासाठी बसून राहत. मी बारीक नव्हतो. पण राजाचे हात कधी थरथरले नाहीत. बायांच्या बाजूला पुंडलिकरावांची नवी बायको म्हणून आलेल्या देवकाबाई बसलेल्या असत आणि दुसऱ्या दिवशी मला चिडवत, "भाऊजी, मले त्यायनं एकदाबी नाई उचललं. तुमचंच नशीब."

त्या देवकाबाईंची ही गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी राजाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली. तेव्हापासून शेजारचा प्रवीण रोज सकाळी येऊन त्यांना खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवी आणि देवकाबाई खुर्ची ढकलत विहिरीजवळच्या झाडाखाली नेत. तिथं ते दिवसभर बागेकडे पाहत बसत. मग प्रवीणला बोरगावच्या कारखान्यात पाळीची नोकरी लागली. पुंडलिकराव खाटेवरच राहू लागले.

दिवाळीत मुलगा गजेंद्र नागपूरहून आला. समजूतदार मुलगा, आईबापांवर जीव असलेला. मी फराळाला गेलो होतो, माझ्यासमोरच त्यानं विषय काढला.

"आई, बाबा असे पडून राह्यले तर पाठीले जखमा होतीन. माझ्याकडं चला. तिथं लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. बाग ठेक्यानं देऊन टाकू."

देवकाबाई करंज्या डब्यात भरत होत्या. खाटेवर पुंडलिकरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते फिरवणं देवकाबाईंनी पाहिलं, मीही पाहिलं.

"फुलोऱ्यापर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "तोवर मी यायले एकटीनं उचलून खुर्चीत बसवलं, तर आम्ही इथंच राहू. नाई जमलं, तर तू म्हणशीन तिथं येऊ."

"आई, बाबायचं आंग पाह्य, अन् तुझं पाह्य."

"तेच पाहून राहिली."

सौंसरला माझ्या घराशेजारी नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडणारे मनोहर राहतात. त्यांची मुलगी करुणा हार्डवेअरच्या दुकानावरच्या जिममध्ये दुपारी बायांना शिकवते. मी देवकाबाईंना तिथं घेऊन गेलो. भिंतभर आरसा, लोखंडाच्या प्लेटी, पंख्याची घरघर. देवकाबाईंनी पदर खोचला आणि आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"काकू, काय कमी करायचं आहे?" करुणानं विचारलं. "पोट की वजन?"

"कमी काईच नाई करायचं. जोर वाढवाचा आहे."

"कशासाठी?"

"माणूस उचलाचा आहे. घरचाच."

सायकल मारणाऱ्या दोघी फिसकन हसल्या. एकीनं विचारलं, "काकू, उचलून टाकायचा कुठं?" देवकाबाई म्हणाल्या, "ते त्याच्या वागण्यावर आहे." मग सगळ्याच हसल्या. करुणा मात्र खाली बसली आणि तिनं नीट चौकशी केली. कोणती बाजू चालते, डाव्या पायावर भार घेतात का, मान धरतात का. शेवटी ती म्हणाली, "काकू, त्यांना हवेत नाही उचलायचं. बसल्यावरून उभं करायचं, फिरवायचं आणि हळू खाली बसवायचं. तुमच्या मांड्या, कंबर आणि पाठ तयार झाली की हे जमू शकतं. पण मी सांगेपर्यंत घरी करून पाहायचं नाही."

मी खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जागा पकडली आणि हिवाळाभर तिथं बसलो. मला दुसरं काम नव्हतं, आणि जन्मभर तालमी पाहिलेल्या माणसाला तालीम दिसली की पाय हलत नाही.

आधी नुसतं बाकावरून उठणं आणि बसणं. मग छातीशी डंबेल धरून. मग जमिनीवरचा रॉड. "पाठीनं नाही, मांड्यांनी," करुणा म्हणे. "टाचा जमिनीत रोवा. रॉड पायाला चिकटून वर येऊ द्या." वजन ती असं निवडे की शेवटचं एकदोन वेळचं उचलणं कठीण जावं, पण पाठ वाकू नये. ते सोपं झालं की एक लहानशी प्लेट वाढे. "जे रोज सहज उचलता येतं, त्यासाठी शरीर कशाला वाढेल?" आणि सगळ्यात जास्त ती बोलायची ते खाली ठेवण्याबद्दल. "वर नेताना सगळेच जोर लावतात, काकू. खाली आणताना सोडून देऊ नका. हळू. स्नायूला तिथंही काम द्या."

मला ते फार आवडलं. रंगमंचावर येणं सोपं असतं, जाणं कठीण. मी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरायचो, विलंबित, आणि देवकाबाई त्या ठेक्यावर लोखंड जमिनीला टेकवायच्या. आवाज न होता. उन्हाची तिरीप आरशावरून सरकत प्लेटींवर यायची आणि मला वाटायचं, आत्ता पडदा वर जाईल.

"उद्या येऊ नका," करुणा दर वेळी बजावी. "परवा या. मधल्या दिवशी आराम. आणि पोटभर जेवा. अंडी खाता?"

"घरात चालत नाई."

"मग डाळ, चणे, दही, पनीर वाढवा. स्नायू इथं वाढत नाही. इथं फक्त त्याला निरोप मिळतो. वाढतो तो घरी, तुम्ही जेवून झोपल्यावर."

देवकाबाई मान हलवत. महिनाभरात त्यांची चाल बदलली. बसस्टँडवर त्या गर्दीतून अशा जायच्या की लोक आपोआप बाजूला होत.

मग डिसेंबर आला आणि बाग ताणावर सोडली.

आमच्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याचं पाणी बंद करतात. जमीन सुकू देतात, पानं मलूल होऊ देतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड विश्रांतीत जातं आणि पुढं पाणी मिळालं की फुलांनी फुटतं. देवकाबाईंनी हे जन्मभर केलेलं. रोज संध्याकाळी कोमेजलेल्या पानांकडे पाहता पाहता त्यांच्या मनात आलं, झाडाला जे लागतं ते अंगालाही लागत असेल. करुणा लहान पोरगी, तिला बागेतलं काय कळतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आरामाच्या दिवशी शेणखताची पोती उचलू लागल्या, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. रात्रीचं जेवण सोडलं. दुपारी अर्धी भाकर आणि चहा. अंग दुखायला लागलं तसा त्यांना आनंद झाला. ताण बसून राहिला, असं त्यांना वाटलं.

जानेवारीत एका दुपारी आधी सहज उचललेला रॉड जमिनीवरून हललाच नाही. करुणानं वजन कमी केलं. पुढच्या वेळी तेही जड गेलं. तिला कोडं पडलं. "घरची खाट किती उंच आहे ते पाहते," म्हणून ती माझ्याबरोबर मोहगावला आली. आम्ही अंगणात पोचलो, तेव्हा आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला.

देवकाबाईंनी करून पाहिलं होतं. खाट आणि खुर्चीच्या मधे पुंडलिकराव जमिनीवर बसलेले, पाठ खाटेला टेकलेली. त्यांना लागलं नव्हतं. त्यांचा भार अंगावर घेऊनच त्या खाली आल्या होत्या. शेजारी बसून त्या आपले गुडघे पाहत होत्या.

करुणानं दोघांचेही हातपाय तपासले. मग ती तिथंच जमिनीवर बसली.

"काकू, घरी काय करून राहिल्या तुम्ही?"

"ताण देऊन राहिली."

"कशाला?"

"आंगाले. पाणी तोडल्याबिगर फूल येते का?" आणि त्यांनी पोती, उपास, सगळं सांगून टाकलं.

करुणा म्हणाली, "माझे बाबा गावाला पाणी सोडतात, काकू. मला बागेतलं नाही कळत. पण तुम्ही शरीराला रोज मोडलं आणि दुरुस्तीला सामानच दिलं नाही, एवढं कळतं."

"फुलोरा तोंडावर आला, पोरी. गजेंद्र गाडी घेऊन येईन. आराम कराले दिवस कुठं आहेत?"

तेव्हा पुंडलिकरावांच्या घशातून आवाज आला. ते क्वचितच बोलत. एकेक शब्द त्यांना विहिरीतून ओढल्यासारखा काढावा लागे. आम्ही तिघंही थांबलो.

"ताण," ते म्हणाले. बऱ्याच वेळानं, "तोडला... का?"

देवकाबाईंनी वर पाहिलं.

ताण द्यायचा, तसा तो तोडायचाही असतो. पानं पुरेशी मलूल झाली की मालक एक दिवस ठरवतो, आळ्यात शेणखत घालतो आणि पाणी सोडतो, आधी हलकं, मग भरपूर. जो लोभानं ताण लांबवतो, त्याच्या झाडाच्या फांद्या वाळतात. देवकाबाई हे कुठल्याही मजुराला झोपेत सांगू शकल्या असत्या.

"नाई तोडला," त्या हळूच म्हणाल्या. "मी त दिलाच दिला."

पुंडलिकरावांनी डावा हात त्यांच्या दंडाला लावला, झाडाची साल तपासावी तसा, आणि मान हलवली. करुणानं आणि मी मिळून त्यांना वर घेतलं. देवकाबाई उठल्या, तुरीची डाळ शिजायला घातली आणि आमच्या देखत दोन भाकरी खाल्ल्या. पूर्ण आठवडा त्यांनी काही उचललं नाही. त्याच आठवड्यात बागेत पाणी सोडलं. संध्याकाळी त्या पाटाच्या कडेला नुसत्या बसत. पाणी एकेका आळ्यात शिरे, माती ते पिऊन गडद होई, आणि त्यांना डुलकी लागे.

परत आल्या तेव्हा करुणानं कमी वजनापासून सुरुवात केली. एक दिवस काम, एक दिवस आराम. कधी कसूर नाही. हळूहळू प्लेटी परतल्या, आणि एक दिवस तिनं मलाच बाकावर बसवून म्हटलं, "काकू, आता यांना." तर राणी म्हातारपणी पुन्हा उचलली गेली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीनं नमस्कार केला.

फुलोरा आला. रविवारी सकाळी गजेंद्र गाडी घेऊन आला. बापाचे कपडे बांधायला त्यानं दोन मोठ्या पिशव्याही आणल्या होत्या.

देवकाबाईंनी खुर्ची नवऱ्याच्या डाव्या अंगाला तिरपी लावली, चाकं अडवली, पुंडलिकरावांच्या कमरेला करुणानं दिलेला रुंद पट्टा बांधला. त्यांचा डावा पाय जमिनीवर नीट टेकवला. गजेंद्र पुढं झाला, तसा मी त्याचा हात धरला. देवकाबाईंनी टाचा रोवल्या, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली. पुंडलिकरावांनी मान त्यांच्या खांद्यावर टाकली, अगदी जशी मी खेळात राजाच्या खांद्यावर टाकायचो.

ते उभे राहिले. क्षणभर दोघं दारातून आलेल्या धुकट उजेडात तसेच होते. मग त्या पावलापावलानं वळल्या, डोळे मिटले, आणि हळू, फार हळू त्यांना खाली आणू लागल्या. माझी बोटं चौकटीवर ठेका धरत होती. खुर्चीचा आवाज झाला नाही.

गजेंद्रनं पिशव्या उचलल्या, गाडीत ठेवून आला आणि बापाची खुर्ची ढकलायला लागला. "मी ढकलतो आई, तू नुसती चाल."

विहिरीजवळच्या झाडाखाली आम्ही थांबलो. देवकाबाई दम घेत उभ्या होत्या, डोळे मिटून, नाक वर करून. वास अजून धुक्यात होता.

"राणी," पुंडलिकराव म्हणाले.

मी लगबगीनं मान वळवली. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"डोळे... उघड."