बाळंतिणींची खाला

खाला बाळंतिणीच्या घरी गेली की पाळण्याकडे वळत नसे. सरळ आईजवळ जाऊन बसे. "बाळाला बघणारे पुष्कळ. तुझं काय चाललंय, बाय?" एवढं विचारून गप्प राही. उत्तर येईपर्यंत दुसरा प्रश्न नाही.

ती श्रीवर्धनची; आम्ही सगळ्या तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. नवरा दुबईच्या गोदीत, घर तिथल्याच अल मनखूल भागात, आमच्याच इमारतीत. नव्वदच्या दशकात तिथे कित्येकींची बाळंतपणं आईविना होत. माझी मुलगी झाली तेव्हा मी दिवसभर रडे. नवरा म्हणे, "रिलॅक्स, नॉर्मल आहे." खाला माझ्या डोक्यावर तेल थापत म्हणाली, "रड. फक्त एकटी रडू नको." नंतर तिनंच मला डॉक्टरकडे नेलं. मी सावरले.

मालिश करण्याआधी ती प्रत्येकीला विचारी, "तुमच्यात कसं करतात?" स्वतःची रीत कुणावर लादत नसे.

शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनच्या सुनंदाबद्दल तिला कळलं तेव्हा सोबतीला मी गेले. सुनंदा जव्हारकडची वारली मुलगी, नवरा तिथल्या कारखान्यात फिटर. मुलगा झाल्यापासून ती बोलतच नव्हती. दवाखान्यात हिंदी-इंग्रजीत विचारत, ती नुसती मान हलवी. "जंगलातली आहे, बुजते," शेजारची बाई हसून म्हणाली. खालानं त्या बाईला खोलीबाहेर जायला सांगितलं.

सुनंदाजवळ बसून तिला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मग सुनंदा भिंतीकडे बघत म्हणाली, "आमच्यात सुईण पाचवी पूजते. इठं कोन पूजणार?"

"तू सांग, तसं मी करते. माझा हात चालेल?"

सुनंदानं पहिल्यांदा वर बघितलं. "चालल."

उशिरा का होईना, पाचवी झाली. सुनंदा सांगत गेली, नमाजी खाला करत गेली. मग खाला तिला डॉक्टरकडे नेऊ लागली. तिचं बोलणं डॉक्टरांना सांगायची, डॉक्टरांचं तिला. सुनंदा औषध घेऊ लागली, बाळाला मांडीवर घेऊन गुणगुणू लागली.

तेवढ्यात श्रीवर्धनला खालाचा भाऊ वारला. तिला जावं लागलं. परतल्यावर आम्ही उम्म अल कुवैनला गेलो, तर सुनंदाचा नवरा दारातच रडायला लागला. सुनंदानं स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. बाळाला आजीकडे गावी पाठवलं होतं.

"डॉक्टरकडे नेली होती, खाला," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, सब ठीक है? ही हो म्हणाली."

परतीच्या वाटेवर शारजा ओलांडल्यावर खाला म्हणाली, "मी गावी गेले नसते तर?"

"तुझा दोष नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे, बाय. पण मला तसं वाटत नाही."

त्यानंतर तिनं कुणाचं बाळंतपण केलं नाही. बोलावणं आलं की म्हणायची, "हात दुखतात." दोनेक वर्षांनी नवऱ्याची नोकरी सुटली आणि ते गावी परतले. निघताना माझ्या मुलीनं तिला "बाय, खाला, सी यू सून" म्हटलं. खालानं तिचा गाल कुरवाळला, "इन्शाल्ला" म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

पुढे इमारतीत नव्या बाळंतिणी येत राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या एकीचं रडणं मला स्वयंपाकघरात ऐकू येई. मी जाऊन तिच्याजवळ बसे. तिची भाषा मल्याळम. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता.