मांगरातले बावीस दिवस

सुभद्राकाकी आमच्या वाडीची सुईण. आरोंद्याशेजारच्या, खाडीकाठच्या या गावात गेल्या तीस वर्षांत जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल आधी तिच्या हातात आलं आणि मग आईच्या. कुणाच्या घरात शिरताना तिनं कधी बाहेरून हाक मारली नाही. मागच्या दारानं यायचं, चुलीपाशी बसायचं, चहा आपल्या हातानं ओतून घ्यायचा आणि सुनेला कितवा महिना आहे ते नुसत्या चालीवरून सांगायचं. स्वतःचं माणूस मात्र एकच, मुलगी तुळसा. ती खालच्या वाडीत दिलेली.

सत्तावन्न साली गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले आणि त्यांच्याबरोबर फ्लूचा ताप आला. त्या वर्षी जगभर त्याची साथ होती, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण विसर्जनानंतर आठवडाभरात वाडीतल्या सात घरांत माणसं आडवी झाली तेव्हा ते खरं वाटलं. माझा आठवा महिना संपत आला होता. माहेर बेळगावला, प्रवास नको म्हणून इथेच राहिले होते. घरात मी आणि कानांनी कमी असलेल्या आतेसासूबाई, दोघीच. हे कुडाळच्या शाळेत शिक्षक. शनिवारी यायचे, तेही मीच बंद केलं.

बांद्याचे डॉक्टर येऊन म्हणाले, "पोटुशी बाईला हा ताप जड जातो. औषध म्हणाल तर यावर नाही. तापलेल्या माणसाचा श्वास अंगावर घेऊ नका. पाणी उकळून प्या, हात साबणानं धुवा, उन्हात बसा, पोटभर जेवा, झोप मोडू नका. अंगात ताकद असेल तर अंग स्वतःच झगडतं."

हे सगळं मी पाळत होते. पण सुईण? ती तर रोज सातही घरांत जात होती. कुणाला पेज भरवत होती, कुणाचं कपाळ ओल्या फडक्यानं पुसत होती. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलं होतं, तिच्याच मांडीवर. तिचा दोष नव्हता. तरी ती माझ्याकडे आली की आधी जमिनीकडे बघायची.

मी तिला अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडेच थांबवलं आणि डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. म्हटलं, "काकी, माझं होईपर्यंत तुम्ही कुणाच्या घरी जाऊ नका. आमच्या मांगरात राहा. तांदूळ, लाकडं, सगळं पोचवते."

मांगर म्हणजे माडांच्या बागेतली झावळ्यांची खोपी, नारळ आणि नांगर ठेवायची. आतेसासूबाईंना मी ओरडून समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुयणीक कोण असा कोंडून ठेयता? ती काय गाबण म्हस?"

काकी हसली. "ऱ्हवतंय, वैनीनू. माजी खंय कोण वाट बगता?"

त्याच संध्याकाळी ती वळकटी घेऊन मांगरात गेली. रोज सकाळी मी मागच्या पडवीतून हाक मारायची, "काकी, बऱ्या आहात ना?" आणि तिकडून उत्तर यायचं, "बरी आसंय! तुमी पेज घेतलास?" तेवढंच. दिवसभर पुन्हा आवाज नाही. माणसांशिवाय जिचा एक चहा झाला नाही ती बाई आता माडांशी बोलायला लागली होती. मला तिचा शब्द ऐकू यायचा नाही, नुसता सूर यायचा, कुणाला तरी रागावल्यासारखा. पडवीत बसून मी तो ऐकत राहायची. माझ्याशीही दुसरं कोण बोलत होतं?

चौदाव्या दिवशी तुळसाचा दीर महादू बागेच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकाशी, येऊन उभा राहिला. "काकी, तुळसाक तीन दिस ताप आसा. रातभर आये आये करता."

काकी तडक गडग्यापाशी आली. पदर सावरायचंही भान नव्हतं.

"वैनीनू, जाव काय? बगून येतंय फक्त."

त्या वेळी मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. 'जाऊ नका' असं मी म्हटलं नाही. मी शिकलेली बाई. म्हटलं, "जायचं तर जा, काकी. तुमची मुलगी आहे. पण मग माझ्याकडे येऊ नका."

नवव्या महिन्यातलं माझं पोट तिच्यासमोर होतं. त्याच्याकडे तिनं कितीतरी वेळ पाहिलं. मग तिथूनच ओरडून महादूला सांगायला लागली. "पेजेत मीठ घाल. कपाळार ओलो कपडो धर. चटय खिडकीकडे घाल. बरा वाटला तरी आठ दिस शेताच्या पाण्यात उतरूक देव नको. आयकलंस मां?"

"आणि काय सांगू तिका?"

"काय नको."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुनीती झाली. काकीनं कोपरापर्यंत हात तीनदा धुतले, नखं कापली होती, तोंडावर पदर बांधला होता. मूल रडलं तेव्हा ती माझ्याहून जास्त रडली.

तिसऱ्या दिवशी ती तुळसाकडे गेली. तुळसा वाचली होती, केस मात्र मुठीमुठीनं गळाले होते. ती दारातच म्हणाली, "आता कित्याक इलंस? ताप गेलो."

मला वाटलं, मायलेकींचं भांडण आहे, चार महिन्यांत निवळेल. पण एकोणसाठ साली तुळसाचे दिवस भरले तेव्हा तिनं आरोंद्याहून हौसाबाईंना बोलावलं. सुईणीच्या लेकीकडे परगावची सुईण! वाडीत त्याची चर्चा झाली.

मी बाळंतविडा घेऊन गेले. बाळाला पाहिलं आणि मग म्हटलं, "तुळसा, तेव्हा तुझ्या आईला मी अडवलं होतं. राग धरायचा तर माझ्यावर धर."

ती बाळाचं टोपरं नीट करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी अडवतलासच, वैनीनू. तुमच्या पोटात पोर होता. पण तुमी सांगलास, आणि ऐकला कोणी?"

बाळंतविडा तिच्या उशाशी ठेवून मी उठले.

घरी आले तर काकी आमच्या अंगणात सुनीतीला तेल लावत बसली होती. "काय झाला?"

"मुलगा."

"रडलो लगेच?"

"हो. चांगला गुटगुटीत आहे."

"हौसाबायचो हात बरो," ती म्हणाली. मग वाटीतलं तेल उगाच बोटानं ढवळलं. "माका इचारल्यान काय?"

"हो तर," मी म्हटलं. "आये जेवली काय, म्हणून विचारत होती."

तिनं वाटी बाजूला ठेवली.

"वैनीनू, इतक्या शिकलास, पण तुमका खोटा बोलूक येणा नाय," ती म्हणाली आणि सुनीतीचा दुसरा पाय पुढे ओढून घेतला.