बॉयलरपुढचं गाऱ्हाणं

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीतल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून लागले. वय तेवीस, हातात बी.एस्सी.ची पदवी आणि नाकावर राग. हाताखाली तीस बायका, बहुतेक देवरूखकडच्या, हंगामापुरत्या आलेल्या. आंबे कापायला बसण्याआधी त्या हातांना खोबरेल चोळायच्या. रसाला तेलाचा वास लागेल म्हणून मी पहिल्याच दिवशी तेल बंद केलं. "व्हय बाई," सगळ्या म्हणाल्या. काय आपला वचक, म्हणून मी खूश!

आठव्या दिवशी ऐन कामात बॉयलर बंद पडला. फिटर यायला दुपार होणार होती. जागेवाल्याचा, म्हणजे जागेच्या राखणदार देवाचा, काही मान राहिला असेल म्हणून बॉयलर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी नारळ मागवला. मालकांसकट आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. काकांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा जागेवाल्या, ह्यो बायलर चालू कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"ह्या शिकलेल्या बायनं त्याल बंद केलान. चिकानं पोरींचे हात सोलवटले. उद्या त्या घरची वाट धरनार हायत. बायला सुबुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे आधीच्या दुप्पट जोरात.

माझे कान तापले. मालक वळून माझ्याकडे बघू लागले. आठ दिवस तोंडावर 'व्हय बाई', आणि आता देवाच्या आडून हे? जाब विचारायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात समोरचे जोडलेले हात दिसले. बोटांच्या बेचक्यांत कातडी निघून लालभडक झालेली. आठ दिवस मी फक्त आंबे तपासत होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. बायका गेल्या तर माझी नोकरीही जाईल, हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

मी एकटीच, खणखणीत आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी नारळ फोडला. मी सर्वांत वयस्क बाईंजवळ जाऊन बसले आणि काय करू, ते विचारलं.

"आता इच्यारतेस व्हय?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, आधी देठ काढून आंबा घडीभर पालथा ठेवायचा, चीक निथळून जातो. मग तेल लागत नाही. दुपारी फिटरने बॉयलर चालू केला, तेव्हा देठ काढायला मी स्वतः बसले आणि हात चिकाने चांगले पोळून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आत येणारी एकेक बाई मी मोजत होते. तीसच्या तीस आल्या.

तिथे मी सहा हंगाम काढले. गाऱ्हाण्यात माझा विषय पुन्हा निघाला नाही. जे असेल ते बायका मला तोंडावर सुनवायच्या, तेही मालकांच्या देखत. इतकी बोलणी खाणारी सुपरवायझर त्या कारखान्यात दुसरी नव्हती, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.