एका ओळीसाठी ग्रीक शिकलेली शलोमी

दानिएल पास्टरचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीच्या घरी मेथी निवडत बसले होते. "बाई, शलोमी मॅडम गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. मला आधी रडू नाही आलं, राग आला. आदल्याच दिवशी नांदेडच्या दवाखान्यात मी तिच्या पलंगाशी बसून आले होते आणि ही बाई चांगली तोंड भरून बोलत होती. किडनीच्या डॉक्टरांच्या दारावरची पाटी दाखवून म्हणाली, "नेफ्रो. ग्रीक शब्द हाय तो. नेफ्रोस म्हंजे मूत्रपिंड. बघ, मला आजार बी ग्रीकमधलाच झाला." नर्सबाई हसली, मीही हसले… आता त्या हसण्याचं काय करायचं ते कळत नाही.

आमची ओळख लातूरची. मी जळकोटकडची, शेतकऱ्याच्या घरातली, डी.एड. करायला आलेली. ती नायगावजवळच्या एका खेड्यातली, ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचाची लेक. लातूरच्या बाहेर एक लहानशी सेमिनरी होती, पाळक म्हणजे पास्टर तयार करणारी, तिथं ती शिकत होती. एका खोलीत आम्ही दोघी भाड्यानं राहायचो. पहिल्याच आठवड्यात तिनं भिंतीवर अक्षरांचे कागद चिकटवले. मी पाहते तर थीटा, पाय, अल्फा, बीटा! "अगं, ही तर आमच्या भूमितीतली मंडळी," मी म्हणाले. घरमालकीणबाईंनी तर कागद बघून तिला गणिताचीच ठरवली आणि नातीची शिकवणी घेशील का म्हणून विचारायला आल्या. शलोमीनं बिचारीनं घेतलीसुद्धा. गणित तिला माझ्यापेक्षा वाईट यायचं.

मला राहवायचं नाही. एवढ्या जुन्या, दूरदेशीच्या भाषेचं हिला काय पडलंय? बायबलचा नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला, हे खरं, पण सेमिनरीत मुलींना ग्रीक सक्तीचं नव्हतं. वडिलांनी, दाऊदकाकांनी, तिला पाठवलं होतं ते लहान मुलांना रविवारी बायबलच्या गोष्टी शिकवता याव्यात म्हणून. तेवढं बाईमाणसाला चालायचं. शेवटी एकदा भाकरी थापता थापता तिनं सांगितलं. बारावीत असताना कापणीच्या सणाला ती भर मंडळीत उभी राहून प्रार्थना करायला लागली होती. वडील पुढच्या रांगेतून म्हणाले, "खाली बस. बायांनी मंडळीत गप ऱ्हावं असं लिवलंय." ती बसली. "पण मला बघायचंय, खरंच तसं लिवलंय का. मराठी करणाऱ्याचं काय चुकलं असंल तर?" एका ओळीसाठी आख्खी भाषा शिकायला निघालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही दुसरं पाहिलेलं नाही.

ती ओळ आहे येशूचा प्रचार करत फिरणाऱ्या पौलानं करिंथ नावाच्या शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. तिथवर पोचायला तिला दुसरं वर्ष उजाडलं. त्या दिवशी ग्रंथालयातून आली ती चप्पल न काढताच खाटेवर बसली. "हाय," म्हणाली, "तसंच हाय. लिवलंयच." माझा जीव कळवळला. मी म्हणाले, मग सोडून दे ना, जुन्या काळची गोष्ट, समज कुणी खोडून टाकली. तर माझ्यावरच उखडली. "खोडायचंच असतं तर ग्रीक कशाला शिकले असते? मराठीतच खोडलं नसतं का?"

पण गंमत अशी की तिचा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. ओळ वाचता येणं वेगळं आणि तिचा अर्थ लावणं वेगळं, हे मला तिच्यामुळं कळलं. एकदा आम्ही एसटीडी बूथबाहेर उभ्या होतो आणि आत एक काका ओरडून बोलत होते, "नको, आता नको पाठवू तिला! आधी काय ठरलं होतं?" तिकडून कोण काय म्हणत होतं, देव जाणे. तिनं माझा दंड धरला. "बघ! पौलाचं पत्र असंच हाय. तो बोलून राहिला, ते आपल्याला ऐकू येतंय. तिकडचं काय बी ऐकू येत न्हाई. तिथं काय भांडण झालं होतं, कोण कोणाला काय म्हणलं होतं, ते आधी हुडकायचं. मग अर्थ लावायचा." ते काका बाहेर आले तेव्हा ही त्यांना विचारणार होती, तिकडून काय म्हणाले म्हणून. मी ओढून आणलं.

आणि तिनं हुडकलं. त्याच पत्रात, काही पानं आधी, तोच पौल सांगतो की बाईनं मंडळीत प्रार्थना करताना डोकं झाकून घ्यावं. "आता तूच सांग," ती म्हणाली, "गपच बसायचं असंल तर पदर कशाला घ्यायचा?" मला हे इतकं आवडलं की मी दिवसभर येईल त्याला सांगत सुटले. सुट्टीत ती हे घेऊन वडिलांकडं गेली. मीही सोबत होते. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते समदं खरं. पण गप ऱ्हावं असं लिवलंय का न्हाई?"

"लिवलंय, बाबा."

"मग झालं तर."

परतीच्या एसटीत मी तिच्यावर चिडले होते. नाही म्हणाली असती तर काकांना कुठं ग्रीक वाचता येत होतं! ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. म्हणाली, "मजकुरात नसलेलं बोलायचं न्हाई आन् असलेलं लपवायचं न्हाई. न्हाईतर माझ्यात आन् बाबांत फरक काय?"

पुढं नांदेडला पाळक तयार करणाऱ्या एका लहान शाळेत ती ग्रीक शिकवायला लागली. लग्न केलं नाही. कित्येक तरुण तिच्या हाताखाली तयार झाले. त्यातलाच हा दानिएल, तिच्याच गावच्या मंडळीत पास्टर म्हणून लागला. एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते. वेदीवर, म्हणजे पुढच्या चौथऱ्यावर, दानिएल उपदेश करत होता आणि बाई खाली बायकांच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. तो प्रत्येक चार वाक्यांनी चोरून हिच्याकडं बघायचा, चुकलो का म्हणून. ही बारीक मान हलवायची. मला हसूही येत होतं आणि रागही. बाहेर आल्यावर विचारलं, तुला वाईट नाही वाटत? "वाटतं की," ती म्हणाली. "लई वाटतं."

त्या वेदीवर एकदा तरी उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं… ते राहिलंच.

गेल्या महिन्यात तिच्या गावी स्मरणसभा झाली. पुढच्या रांगेत दाऊदकाका, थकलेले, डोक्यावर पांढरी टोपी. प्रार्थना सुरू झाली की तिथले पुरुष टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि 'आमेन' झालं की परत घालतात. दानिएल बोलला, दोन पंच बोलले, मग कुणीतरी मला पुढं बोलावलं. मी परगावची, परधर्माची, म्हणजे पाहुणी. पाहुणीला नियम नसावा. मी वेदीवर उभी राहिले आणि लिहून आणलेला कागद तसाच मिटला. एवढंच म्हणाले, "आज मला इथं उभं केलंत. तिला एकदाही केलं नाहीत." आणि खाली उतरले.

दानिएल समारोपाची प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात मागून, बायकांच्या सतरंजीवरून आवाज आला. शलोमीची आई. या काकूंना चार माणसांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डोक्यावरून पदर ओढून, डोळे मिटून, मोठ्यानं म्हणत होत्या, "देवा, माझी लेक तुझ्याकडं आलीया. लई शिकलेली हाय ती. तिला बोलू दे, बाबा. तिथं तरी तिला खाली बस म्हणू नको…"

माना वळल्या. पंच काकांकडं बघायला लागले. ते तसेच बसून होते, टोपी डोक्यावर. काकूंचा आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. मग म्हाताऱ्याचा हात हळूहळू वर गेला. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.