अर्विनच्या दोन बोटांतला कोट

बेकर्स फोर्क कॉलेजच्या जिममध्ये घड्याळाचं बटण माझ्या हाताखाली असतं. शिट्टी वाजली की थांबवायचं, खेळ सुरू झाला की चालू करायचं, आणि मधल्या वेळात तोंड बंद ठेवायचं. पंचांच्या टेबलाशी बसणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या नसतात, हळहळायचं नसतं, आपल्या पोरांनी बास्केट केली तरी चेहरा कोरा ठेवायचा. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच आहे. पण आमचा बेंच त्या टेबलाला अगदी लागून, त्यामुळे अर्विन कॉडिलची सगळी नोकरी मी जवळून पाहिली. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

अर्विन आमच्या बास्केटबॉल संघाचा असिस्टंट कोच. मुख्य कोच हॉलिस ब्रॅशर. हॉलिस मनाने चांगला, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बेंचसमोर जमिनीवर एक रेषा आखलेली असते. खेळ चालू असताना कोचने ती ओलांडून कोर्टात पाय टाकला, की पंच टेक्निकल फाउल देतात. समोरच्यांना फुकटचे दोन फ्री थ्रो मिळतात, कुणी न अडवता टाकायचे, एकेका गुणाचे, आणि वर चेंडूही त्यांनाच. हॉलिसला ती रेषा दिसतच नसे. म्हणून अर्विन शेजारच्या खुर्चीत बसे, आणि हॉलिस उठला की त्याच्या कोटाचं मागचं टोक पकडे. ओढत नसे, नुसतं धरून ठेवी. हॉलिस पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे सरके, कोट ताणला गेला की आपोआप थांबे आणि तिथूनच उरलेला उद्धार करी.

लोकांना याची फार गंमत वाटायची. पाहुण्या कॉलेजांची पोरं गॅलरीतून ओरडायची, "ए शेपूट, सोड की त्याला!" मग गावातही तेच नाव पडलं. शेपूट आला, शेपूट गेला. अर्विनची बायको लरीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती चर्चच्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणायची, "कॉलेजने माझ्या नवऱ्याला काय शिकवलं, तर दुसऱ्याचा कोट सांभाळायला. घरी स्वतःचा कोट खुंटीला अडकवत नाही मेला." अर्विन बीन्सच्या वाडग्यात मक्याचा पाव कुस्करत हसायचा आणि आणखी वाढून घ्यायचा.

एकदा मी त्याला विचारलं, "त्यात एवढं असतं तरी काय रे?"

"धरायला काय, कुणीही धरेल मेव्हिस," तो म्हणाला. "घट्ट धरलं की तो जास्त चिडतो. दोन बोटांत धरायचं. त्याला वाटलं पाहिजे, आपण आपल्याच मनाने थांबलो."

"आणि कधी सोडून द्यावंसं वाटलं तर?"

"रोजच वाटतं. आमच्या बाजूने शिट्टी वाजवायला पंचाला काय होतं कुणास ठाऊक," असं म्हणून तो पोरांचे चेंडू गोळा करायला गेला.

हे झालं लोकांना दिसणारं काम. न दिसणारं वेगळंच होतं. पहाटे जिममध्ये बास्केटखाली उभं राहून पोरांना चेंडू परत फेकत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. संध्याकाळी जुना ट्रक काढून डोंगरातल्या कुठल्यातरी शाळेचा सामना बघायला जायचं, आणि एखादा पोरगा आवडला की त्याच्या घरी जाऊन आईसमोर बसायचं. आई जे वाढेल ते अर्विन खायचा, दुसऱ्यांदा मागून खायचा. कॉलेजचा निम्मा संघ त्याने पोटाच्या जोरावर जमवला, असं हॉलिस म्हणायचा. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पोरांना त्याने एक शिस्त लावली होती. आपला गडी कोर्टावर पडला की जो जवळ असेल त्याने धावत जायचं, दोन्ही हात द्यायचे आणि त्याला उभं करायचं. हरत असलो तरी. जो चुकेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे घामट टॉवेल धुवायचे. हळूहळू हीच आमच्या संघाची ओळख झाली. शत्रूपक्षाचे म्हातारेसुद्धा म्हणायचे, बेकर्स फोर्कची पोरं खेळतात यथातथाच, पण पडलेल्याला उचलतात छान.

बाकीचे असिस्टंट आले नि गेले. दोन हंगाम काढायचे, मोठ्या कॉलेजातून फोन आला की गाडीत सामान भरायचं. तसे फोन अर्विनलाही आले होते. तो गेला नाही. म्हणून त्याला मोठं व्हायचंच नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. त्याला मुख्य कोचची खुर्ची हवी होती, फार हवी होती, पण ती इथलीच. एकदा सराव संपल्यावर मी घड्याळावर कापड घालायला गेले, तर हा रिकाम्या जिममध्ये हॉलिसच्या खुर्चीत बसलेला. हात मांडीवर, नजर कोर्टावर. मी मुद्दाम खोकले. तो झटकन उठला आणि म्हणाला, "बुटाची लेस बांधत होतो." त्याच्याकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की टोमणा मारायचं राहूनच गेलं.

मग एका हिवाळ्यात, ऐन हंगामात, हॉलिसच्या छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी त्याला बेंचवर बसायला साफ मनाई केली. कॉलेजचे खेळप्रमुख प्रेस्टन विक्स यांनी अर्विनला बोलावून सांगितलं, "उरलेला हंगाम तू सांभाळ. कॉन्फरन्सची फायनल जिंकलास तर खुर्ची तुझी. नाहीतर आम्हाला बाहेरून माणूस आणावा लागेल." विक्ससाहेबांच्या पोटात काही राहत नाही. दुपारपर्यंत न्हाव्यालासुद्धा ठाऊक होतं.

लरीनने त्याला नवा तपकिरी कोट घेतला. पहिल्या सामन्याआधी ब्रेट नावाच्या तरुण असिस्टंटने विचारलं, "कोच, आता तुमचा कोट कोण धरणार?"

"मी आजवर कधी उठलोय का बाबा?" अर्विन म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. तरी ब्रेट त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसायला लागला. पोरगा तसा हुशार.

पोरं अर्विनसाठी जीव तोडून खेळली. त्यात सगळ्यांत पुढे जमार व्हिटलो. शहरातला, काटकुळा, उडी मारली की खाली यायचं विसरणारा. त्याला आणायला अर्विन लुइव्हिलला गेला होता, तेव्हा त्याच्या आईने, ओडेसाने, तळलेले मासे वाढता वाढता बजावलं होतं, "शाळेत फुटबॉल खेळताना याची मान दुखावलीय. डॉक्टर म्हणतात बरी झाली. पण डॉक्टर काय माझ्या घरी राहतात? तुम्ही लक्ष ठेवाल?"

"ठेवीन."

"असं सगळेच म्हणतात."

"मी बेंचवर बसतो बाई," अर्विन म्हणाला. "लक्ष ठेवण्यावाचून मला दुसरं कामच नसतं." हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं, त्या माशांची चव सांगता सांगता.

असं करत, आसपासच्या कॉलेजांना हरवत आम्ही फायनलला पोचलो, आणि फायनल आमच्याच जिममध्ये. गाव लोटलं होतं. हॉलिसने घरून रेडिओ ऐकायचा असं ठरलं होतं, पण तो पॉपकॉर्नच्या गाडीमागे लपून उभा असल्याचं मला दिसत होतं. सामना शेवटपर्यंत खालीवर होत राहिला. शेवटचं मिनिट संपत आलं तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. खुर्ची अर्विनची झाल्यातच जमा होती.

जमारने बास्केटकडे झेप घेतली. समोरचा एक आडदांड गडी त्याच्या पायाखाली आला आणि जमार हवेत उलटा होऊन मान नि खांद्यावर आपटला. शिट्टी वाजली नाही. चेंडू त्यांच्या हातात गेला आणि ते आमच्या बास्केटकडे पळाले. शिट्टी नाही म्हणजे माझं घड्याळ चालूच. आमचे तिघे त्यांच्यामागे धावले. चौथा एलाय, जमारच्या सगळ्यांत जवळचा. तो मागे वळला, अर्विनने शिकवलं होतं तसाच वाकला आणि उठवण्यासाठी त्याने जमारची दोन्ही मनगटं धरली.

अर्विन उठला. ब्रेटने लगेच कोटाचं टोक पकडलं. "कोच, रेषा. कोच, रेषा!"

अर्विनने मागे पाहिलंही नाही. दोन्ही हात मागे टाकले, खांदे सैल सोडले आणि कोट ब्रेटच्या हातात राहिला. इतकी वर्षं दुसऱ्याला कोटात अडकवून ठेवणाऱ्या माणसाला त्यातून निसटायचं कसं, हे ठाऊक असणारच. तो नुसत्या शर्टावर कोर्टात धावला. "एलाय, हात लावू नकोस. सोड त्याला, सोड म्हणतो ना."

आता मात्र शिट्टी वाजली. पंचाने एका तळव्यावर दुसरा तळवा उभा टेकवून टेक्निकल फाउलची खूण केली. मी घड्याळ थांबवलं. सगळी जिम चिडीचूप झाली होती, म्हणून मला प्रत्येक शब्द ऐकू आला. अर्विन गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने जमारचं डोकं दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरलं होतं.

"हलायचं नाही बाळा. माझ्याकडे बघ. आईचं नाव सांग."

"ओडेसा."

"मी घरी आलो तेव्हा तिने काय वाढलं होतं?"

"मासे." मग जरा थांबून, "तुम्ही तीनदा घेतलेत."

"बरोबर. पाय हलतायत का सांग. नुसतं बोट हलव."

बोट हललं. मला हुंदका आला आणि मी तो खोकल्यात घातला.

पंच माझ्या टेबलाशी आला. जुना माणूस, मला चांगला ओळखणारा. "मला द्यावाच लागेल मेव्हिसबाई," तो म्हणाला. "शिट्टीआधी आत आलाय तो."

"मग द्या की. माझं तोंड काय बघता?"

रुग्णवाहिका आली. अर्विन जमारच्या शेजारी चालत बाहेर गेला आणि गाडीत चढला. स्कोअर किती, वेळ किती, त्याने विचारलंही नाही. त्यांच्या गड्याने दोन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये टाकले, उरलेला वेळ चेंडू हातात खेळवला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. ब्रेट मांडीवर घडी केलेला तपकिरी कोट घेऊन तसाच बसून होता.

मानेतलं एक हाड मोडलं होतं. हाताला धरून उभं केलं असतं तर काय झालं असतं, हे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगायचं टाळलं, आणि ओडेसाने विचारायचं. जमार चालणार होता, फिरणार होता. खेळणार मात्र नव्हता.

गावात दोन तट पडले. बरेच जण अर्विनच्या बाजूचे, पण काही शहाणे न्हाव्याच्या दुकानात म्हणायचे, कॉलेजचा डॉक्टर जिममध्येच होता, पंच थांबवणारच होते, चार पळं दम धरला असता तर काय बिघडलं असतं? असल्या लोकांशी मी अजून बोलत नाही. विक्ससाहेबांनी शब्द पाळला आणि बाहेरचा माणूस शोधायला घेतला.

मी अर्विनच्या घरी गेले तेव्हा तो मागच्या पडवीत बसला होता. मी विचारलं, "तुला ती रेषा दिसली नाही का रे?"

"दिसली की. इतकी वर्षं तीच तर बघतोय."

"मग आता वाईट वाटतं?"

"वाटतं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "धावल्याचं नाही. खुर्चीचं वाटतं. खोटं कशाला बोलू तुझ्याशी?" आतून लरीन म्हणाली, "दोघं आत या, ताजी भाजलेली बिस्किटं गार होतायत." तिचाही आवाज काही ठीक नव्हता.

नवा कोच आला की आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांना नारळ मिळतो. आमच्याकडची रीतच ती. ग्रेडी टॅकेट नावाचा तरणा माणूस बोलणी करायला आला. विक्ससाहेब त्याला पगार, घर, सगळं सांगत होते. त्याने मध्येच विचारलं, "तो कोट टाकून धावलेला माणूस अजून इथेच आहे ना? तो राहणार असेल तर मी येतो." हे अर्थात विक्ससाहेबांनीच दुपारपर्यंत गावभर केलं.

अर्विन राहिला. पुढच्या हंगामाचा पहिला सामना आमच्या जिममध्ये होता. टॅकेटचा राग हॉलिसच्या वरताण, आणि अंगात आखूड स्वेटर, धरायला टोकच नाही. एका चुकीच्या शिट्टीवर तो ताडकन उठला. अर्विन अर्धवट उठला आणि त्याने टॅकेटच्या कमरेचा पट्टा मागून दोन बोटांत धरला.

"सोडा मला," टॅकेट गुरगुरला.

"सोडतो. आधी बसा," अर्विन म्हणाला. गॅलरीत हशा पिकला, पॉपकॉर्न उडालं. या वेळी हसणारे सगळे अर्विनचेच लोक होते.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. अर्विनचा तपकिरी कोटही मागून ताणलेला होता. त्याच्या पलीकडच्या खुर्चीत जमार बसला होता. तो शिकायला कॉलेजातच राहिला होता आणि संघाच्या मदतीला यायचा. त्याने कोटाचं टोक दोन बोटांत धरलं होतं.

टेबलाशी बसून बोलायचं नसतं. पण मला राहवलं नाही. "याला कशाला धरलंस रे?" मी हळूच विचारलं. "हा कुठे जातोय?"

जमारने कोर्टावरची नजर काढली नाही.

"आईने बजावलंय मेव्हिसबाई," तो म्हणाला. "म्हणाली, त्यांच्यावर लक्ष ठेव. तो माणूस पळतो."