ब्राउनिंगमधला परतीचा आहेर

खोडाळ्याहून कसाऱ्याला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी आज मी अमेरिकेला निघाले आहे म्हणून ती जरा लवकर हलेल, असं उगाच वाटलं होतं. पाऊण तास मी पुढच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात माझी थोरली जाऊ यशोदा दोनदा निरोप द्यायला येऊन गेली. दुसऱ्या खेपेला कडेवर नातू होता.

"सुमनला घेऊनच ये ग आता," ती म्हणाली. "एकलीच पोर हाय तुला."

यशोदाचे दोन्ही मुलगे तिच्या घराला लागून घरं बांधून राहतात. सकाळी ती दारात उभी राहून हाक मारते आणि दोन्ही चुलींवरून ओ येते. ती चांगल्या मनानं बोलली असेल, पण मला ते टोचलं. तिचं बरं चाललेलं मला गेली वीस वर्षं टोचतंच आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कोणाला नवल वाटायला नको.

मी गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्याची सुट्टी होती, राब भाजून झाले होते (रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करतात तो राब), आणि पेरणीला अवकाश होता. सुमन अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेत गेली त्याला तीन वर्षं झाली. तिचा अभ्यास असा, की युद्धामुळे घर सोडून तिथं आलेले सुदानी लोक आणि मूळचे तिथलेच असलेले ब्लॅकफीट आदिवासी, या दोघांची आर्थिक स्थिती ताडून पाहायची. आता अभ्यास संपत आला होता. तिथल्याच एका कॉलेजनं तिला तीन वर्षांची नोकरी देऊ केली होती. इकडे जव्हारच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि जूनअखेर मुलाखत होती. तिला परत आणायचं, एवढ्यासाठी मी निघाले होते. बाकी सगळं प्रवासवर्णन.

पहिली फजिती अमेरिकेत उतरल्याउतरल्या विमानतळावरच झाली. मी बरोबर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेतलं होतं आणि एका पुरचुंडीत मूठभर बियाणं. तिथल्या अधिकाऱ्यानं पुरचुंडी उघडून विचारलं, याचं काय करणार. मी म्हटलं, मुलगी परसात पेरून बघेल. खरं बोलले आणि बियाणं कचऱ्याच्या डब्यात गेलं. पीठ मात्र त्यानं जाऊ दिलं.

सुमन मला ओमाहा शहरात भेटली. तिथं तिची सुदानी घरांची शेवटची पाहणी चालू होती. विमानतळाबाहेर आल्याआल्या मी मुलाखतीचं काढलं. ती म्हणाली, "आये, आधी फिर तरी माझ्यासंगं. जाताना सांगतो तुला." मग ती गाडी चालवायला बसली आणि सहा पदरी रस्त्यावर एका हातानं वळली. मला अजून स्कूटी येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमनाकडे गेलो. आमना सुदानमधल्या डोंगरी भागातली, माझ्याच वयाची. अंगावर साडीसारखं लांब वस्त्र गुंडाळलेलं, त्याला ती तोब म्हणाली. आल्यावर पहिली सहा वर्षं तिनं मांसाच्या कारखान्यात थंडगार हॉलमध्ये उभं राहून काम केलं. उजव्या हाताची बोटं आता पुरती मिटत नाहीत. पण मुलगा ट्रक चालवतो, सून दवाखान्यात आहे, घर स्वतःचं, आणि त्याच गल्लीत तिच्या दोन्ही बहिणींची घरं. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात मागच्या दारानं चार जणी येऊन गेल्या. कोणी साखर मागितली, कोणी नुसतंच डोकावलं. मला यशोदाचं अंगण आठवलं आणि तिथं सुंठ घातलेली कॉफी पिता पिता माझा जीव जळू लागला.

सुमनच्या पाहणीच्या फॉर्ममधला शेवटचा प्रश्न असा होता: अडचण आली तर सगळ्यात आधी कोणाकडे जाल? आमना बोटांवर नावं सांगत गेली. नऊ नावांनंतर सुमनच्या कागदावर जागा उरली नाही.

मी पिठाची पिशवी काढली तशी आमनानं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "तेलबून," ती म्हणाली आणि बहिणींना हाका मारत सुटली. त्यांच्याकडे नागलीला तेलबून म्हणतात. तिनं त्याची असिदा (घट्ट पिठलं म्हणा, किंवा आपली घाटलेली नागली) केली, मी भाकऱ्या थापल्या. एकीनं भाकरीचा वास घेतला आणि डोळे पुसले.

"गावाकडे कोणाचं शेत मागे पडलं, की सगळा गाव तण काढायला जायचा," आमना सांगत होती. "त्याला नफीर म्हणतात. इथं शेत नाही. मग आम्ही एकमेकींची घरं रंगवायला जातो."

"आणि गावची जमीन?" मी विचारलं.

"जमीन तिथंच असेल. जायला रस्ता राहिला नाही."

निघताना तिनं सुमनचा हात धरून सांगितलं, "पगार आहे तिथं राहा. आईला बोलावून घे." मी हसून मान डोलावली. मनात म्हटलं, बाई, तू तुझी नऊ नावं सांभाळ.

ओमाहाहून ब्राउनिंगला गाडीनं दोन दिवस लागले. मक्याची शेतं संपली, मग गवत सुरू झालं, आणि ते संपेचना. आपल्याकडे दर मैलाला डोंगर आडवा येतो, इथं नजरेला अडवायला काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर क्षितिजावर बर्फाचे डोंगर उभे राहिले. त्यांच्या पायथ्याशी ब्लॅकफीट लोकांची राखीव जमीन आणि ब्राउनिंग गाव. जून लागला होता तरी वारा असा, की गाडीचं दार दोघींनी मिळून लावलं. गावात दुकानं थोडी, बंद पडलेली त्याहून जास्त. भटकी कुत्री मात्र अगदी मोखाड्याच्या स्टँडवरच्यासारखी, ओळखीची.

सुमन वर्षभर डोरोथीकडे खोली घेऊन राहत होती. डोरोथी साठी ओलांडलेली, रुंद हाडाची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. लहानशा घरात ती, म्हातारा भाऊ, नातू आणि नातवाच्या दोन चुलत बहिणी. तिनं दार उघडलं आणि माझ्याआधी सुमनला मिठी मारली. आत भिंतीवर खिळ्यांना कप टांगले होते. सुमननं न बघता आपला कप काढला. मीठ कुठं असतं, बादली कुठल्या गळतीखाली ठेवायची, सगळं तिला पाठ. मी पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसले.

जेवताना डोरोथी म्हणाली, "जानेवारीत हिनं घाबरवलं होतं आम्हाला. दहा दिवस ताप."

मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी सुमनकडे पाहिलं. ती ताटात बघत म्हणाली, "तू उगा रडत बसली असतीस, आये." दहा दिवस त्या बाईनं माझ्या मुलीला हाडांचं कढण पाजलं होतं, आणि मी त्या दहा दिवसांत रोज फोनवर विचारत होते, जेवलीस का. त्या घासाची चव मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डोरोथीनं आम्हाला टेकडीवर नेलं. "या इथून त्या झाडांपर्यंत आमचं," तिनं हात फिरवला. हात फिरायलाच वेळ लागला. खोडाळ्यात आमच्या वाट्याला भाताची चार खाचरं आणि उतारावरचा नागलीचा तुकडा. मी जळून गेले. मग सुमननं फॉर्म भरायला घेतला आणि हळूहळू कळलं. जमीन आजोबांच्या नावची, वारस दोन पानं भरून, कोणाचा हिस्सा कुठला ते सांगता येत नाही. कसायची तर सगळ्यांची संमती हवी. म्हणून ती बाहेरच्या एका गुरंवाल्याला खंडानं दिलेली. आमच्या सातबाऱ्यावरसुद्धा सोळा नावं आहेत, हे मी सांगितलं तशी डोरोथी मोठ्यानं हसली. त्या दुपारी ती मला पहिल्यांदा आवडली, पण थोडीच.

फॉर्मच्या शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "भावाकडे जाईन. नाहीतर सुमनकडे." हे उत्तर मी कागदावरून खोडून टाकलं असतं.

शनिवारी नातवानं शाळा पूर्ण केल्याबद्दल गावच्या हॉलमध्ये कार्य होतं. आपल्याकडे असं कार्य असलं की लोक आहेर आणतात. इथं उलटं. घरचे लोक पाहुण्यांना वाटतात. डोरोथीनं वर्षभर साठवलेलं सगळं मांडलं होतं, गोधड्या, ब्लँकेटं, पातेली, टॉवेल. ज्या घरात बादली गळतीखाली असते त्या घरचं हे सामान. एकेकाचं नाव पुकारलं जाई. तो पुढे जाई, वस्तू घेई, घरच्यांशी हात मिळवून परत बसे.

मग माझं नाव पुकारलं. डोरोथीनं माझ्या खांद्यांवर निळं लोकरीचं ब्लँकेट टाकलं, जाड, लाल पट्ट्यांचं. तिथल्या वस्तूंमधलं ते सगळ्यात चांगलं होतं, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं.

आता आमच्याकडे आहेर घेऊन कोणी तसाच बसत नाही. अमक्यानं परतीचा आहेर केला नाही, हे नातवंडांच्या लग्नापर्यंत बोललं जातं. माझ्या पिशवीत हिरवी रेशमी साडी होती, सुमननं मुलाखतीला नेसावी म्हणून आणलेली. मी ती तिथल्या तिथं काढली आणि डोरोथीच्या खांद्यावर घातली. प्रेमानं घातली असं लिहायला मला आवडलं असतं. मला फिटंफाट करायची होती. ब्लँकेटची, आणि त्या दहा दिवसांच्या कढणाची. माझ्या मुलीवर त्या बाईचा काही हक्क उरू नये, एवढाच माझा हिशेब.

हॉलमधले सगळे आमच्याकडे वळून बघू लागले. डोरोथीनं साडीवरून एकदा हात फिरवला, तिची घडी घातली, आणि चालत तिसऱ्या रांगेत जाऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका म्हातारीच्या मांडीवर ठेवली.

माझे कान तापले. सुमननं मला ओढून खाली बसवलं.

"आये, ह्यांच्यात असा लगेच परत नाय देत. घ्यायचा, हात मिळवायचा नि बसायचा."

"मग माझी साडी तिनं का दिली त्या बाईला?"

"आज कार्य तिचा हाय. आज तिनं काय बी ठेवून नाय घ्यायचा. आवडला तरी नाय."

परतायच्या आदल्या सकाळी सुमन कॉलेजात गेली होती. मी आणि डोरोथी पायरीवर बसलो, माझ्या शाळेतल्या इंग्रजीवर जमेल तसं बोलत. मी धीर करून विचारलं, सुमन काय करेल, तुला काही बोलली का.

"मी तिला दर आठवड्याला सांगते, घरी जा," डोरोथी म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं समजले. मी पुन्हा विचारलं. तिनं सावकाश, एकेक शब्द सुटा करून तेच सांगितलं.

"तुला ती नको झाली?"

"हवी आहे," ती म्हणाली. "पण माझी मुलगी सिॲटलला आहे. अकरा वर्षं झाली. तिथं कोणी बाई तिला जेवायला घालत असेल. त्या बाईनं तिला काय सांगावं असं मला वाटतं, तेच मी हिला सांगते."

वारा होता म्हणून बरं, डोळे कशानं भरले ते सांगावं लागलं नाही. इतके दिवस मी मनात जिच्याशी भांडत होते ती माझ्याच बाजूनं बोलत होती, आणि मी मात्र तिची फिटंफाट करायला निघाले होते. मी तिला सॉरी म्हटलं. कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही.

विमानतळावर मी सुमनला मुलाखतीबद्दल विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तोंड मिटून ठेवणं मला किती जड गेलं ते मलाच माहीत. वेळ होता म्हणून तिनं गंमत म्हणून एक कोरा फॉर्म काढला आणि मला प्रश्न विचारत गेली. जमीन किती, घरात कमावते किती. शेवटचा आला: अडचण आली तर आधी कोणाकडे जाशील?

"यशोदाकडे," मी म्हटलं, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. पण घराची किल्ली तिच्याकडेच होती. सुमनचे वडील शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा जीप थांबवायला भर उन्हात तीच धावली होती. सुमननं हसून नाव लिहून घेतलं.

"मग परत यं तर म्हन मला," ती म्हणाली.

"नाय म्हनत. तुझा तू ठरव."

खोडाळ्यात जीपमधून उतरले तेव्हा यशोदा बाजारातून परतत होती. माझ्या राबात तिनं आपल्याबरोबरच नागली टाकून ठेवली होती. "वाट बघत बसली असती तर तुझा राब वाया गेला असता," ती म्हणाली, आणि सुमनचं काही विचारलं नाही. काय झालं ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

आठ दिवसांनी सुमनचा फोन आला. तिकडची नोकरी तिनं नाकारली होती. जव्हारची जागा मिळाली तर मिळाली, नाही तर दुसरं बघू, पण ती येते आहे. त्या फोननंतर डोरोथीनं रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप आला. मला कळेल अशा सुट्या-सोप्या इंग्रजीत ती म्हणत होती, "तिचा कप अजून खिळ्यावर आहे. आज मला तुझा फार हेवा वाटतो. सांगून टाकलं, आता बरं वाटतंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. उभ्या आयुष्यात माझा कोणी हेवा केला नव्हता. म्हणून दुसऱ्यांदा लावलं. तेव्हा 'बरं वाटतंय' म्हणतानाचा तिचा रडवेला आवाज ऐकू आला. आवडलेली साडी तिनं सहज देऊन टाकली होती, सुमनला सोडणं तसं सहज नव्हतं.

निळं ब्लँकेट अजून पेटीत आहे. सुमन येईल त्या दिवशी ते यशोदाच्या खांद्यावर घालायचं ठरवलं आहे. रोज संध्याकाळी पेटी उघडते, त्याच्यावरून हात फिरवते आणि पुन्हा बंद करते. ठरवलं आहे, एवढंच आज लिहिते.