रस्त्याकडची खोली सोसायटीला दिली तेव्हा

खोली भाड्यानं द्यायची असली की गावातले लोक मला विचारायला येतात. घराच्या खोल्या भाड्यानं देणारा जुना माणूस मीच उरलोय. सांगतो मी, पण बसून सांगणं होत नाही. बायको गेल्यापासून एका जागी बूड टेकत नाही. ओट्यावर बसलो की रस्त्यावर जावंसं वाटतं, रस्त्यावर गेलो की घरी यावंसं वाटतं. म्हणून चालता चालता जे बोलतो ते एकदा लिहून काढतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, तेवढ्यात जमंल तसं.

पहिली गोष्ट ही, की भाडेकरू माणूस कसा आहे ते सगळेच बघतात, आत तो काय ठेवणार ते कुणी बघत नाही. म्याबी बघितलं नव्हतं.

आमचं घर नळदुर्गाच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. रस्त्याकडची खोली आम्ही बहात्तरच्या दुष्काळानंतर बांधली. त्या दुष्काळात मी आणि बायको दोघंबी खडी फोडायला जायचो, तिथंच तिच्या मनात ही खोली आली. ती वाकळा शिवायची. गावच्या बाया जुनी लुगडी आणून टाकायच्या, ती वाकळ करून द्यायची आणि त्या मापानं ज्वारी द्यायच्या. मागच्या खोलीत उजेड नव्हता. बांधकामाच्या वेळी ती भुईवर फतकल मारून बसली आणि गवंड्याला म्हणाली, "हितं बसल्यावर सुईचं नाक दिसलं पायजे. तेवढ्यावर खिडकी ठेव." गवंडी हसला, पण खिडकी तशीच ठेवली.

चार-पाच वर्षं ती तिथं बसली. मग सोसायटीचं खत आलं.

गावात शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणारी सोसायटी होती, आणि मी तिच्या पंच कमिटीवर होतो. खताची पोती ठेवायला जागा पाहिजे होती. चेअरमन म्हणाले, "तुमच्या खोलीपुढं ट्रक नीट उभा राहतो. एवढं गावासाठी करा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. कागद झाला. मालक म्हणून म्या सही केली. खाली सोसायटीच्या वतीनं एका पंचाची सही पाहिजे होती. त्या दिवशी हजर असलेल्यांत बाकीचे सगळे अंगठेवाले. सेक्रेटरी म्हणाला, "मग करा की तुमीच. घरचंच तर काम हाय." तीबी म्या केली. चहा झाला, सुपारी झाली.

घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, "किती दिस?"

"एक साल. पाडव्याला मोकळी करून देत्यात."

आमच्याकडं सगळंच पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. सालगडी पाडव्याला धरायचा, पाडव्याला सोडायचा. कागदावर 'वर्षअखेरपर्यंत' असं लिहिलं होतं, ते म्या पाडवाच समजलो.

पाडव्याच्या दिवशी ती केरसुणी घेऊन खोलीपुढं उभी. दाराला कुलूप. मी सेक्रेटरीकडं गेलो, तर तो म्हणाला, "आवं, सोसायटीचं साल जूनच्या शेवटाला संपतंय. तवर थांबा." थांबलो. जूनच्या शेवटाला खोली माळवदापर्यंत खतानं भरलेली. पेरण्या तोंडावर, माणसं दारात रांगेत. "आता पोती कुठं हलवू? पेरण्या तर होऊ द्या." पेरण्या झाल्या तोवर त्यांचं नवं साल लागलेलं, आणि कागद आपोआप पुढं चालू.

म्हणून सांगतो, मुदत किती आहे ते विचारू नका, कोणत्या महिन्यात संपते ते विचारा. शेतीमालाला, खताला, बियाण्याला खोली देणार असाल तर ती माघ-फाल्गुनात मोकळी झाली पाहिजे असं स्वच्छ लिहून घ्या. पोती भिंतीपासून हातभर लांब आणि खाली फळ्या, हेबी लिहून घ्या. खताला पाणी सुटतं, ते मातीच्या भिंतीत मुरतं. मग भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी फुटते, पापुद्रे सुटतात, आणि वरून कितीबी पोतारलं तरी महिन्यात पुन्हा तेच. आमच्या मधल्या भिंतीची ही गत दुसऱ्याच वर्षी झाली. कीड मारायची पावडरसुद्धा तिथंच ठेवायचे. तिचा वास घरभर, आणि तिला खोकला.

ती मागच्या दारात बसून शिवायला लागली. एक बाई वाकळ उलटीपालटी करून म्हणाली, "अक्का, टाकं वाकडं यायलेत." दोन महिन्यांनी त्या बाईची लुगडी दुसरीकडं गेली. मग अजून एकीची.

"तुमी मालक हाव का पंच?" तिनं मला विचारलं.

"दोनीबी."

"मग एकानं दुसऱ्याला सांगा की."

सभेत म्या विषय काढला. चेअरमन गंभीर तोंड करून म्हणाले, "द्या की नोटीस. देणार कोण? तुमी. घेणार कोण? कागदावर सही कुणाची हाय?" सगळी सभा हसली. मागून एकजण ओरडला, "स्वतःच्याच घरात पोटभाडेकरू झालाय ह्यो!" म्याबी हसलो. हसायला नको होतं, पण चारचौघांत माणूस हसतो.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात खोलीत आठ-दहा पोती उरली होती. सेक्रेटरी म्हणाला, एवढी गेली की किल्ली तुमची. म्या घरी सांगितलं. तिनं भिंती पोतारायला पांढरी माती भिजत घातली. आणि मिरग लागायच्या आत, एका दुपारी, ट्रक दारात येऊन उभा राहिला. आभाळ भरून आलेलं. हमालानं कुलूप काढलं आणि पहिलं पोतं पाठीवर घेतलं, तोवर ती अर्धी शिवलेली वाकळ घेऊन आली आणि उंबऱ्यात मांडी घालून बसली.

"काकू, उठा. पाठ मोडायली," हमाल म्हणाला.

"मग ठेव खाली. रस्ता सरकारचा हाय."

चेअरमन आले. "वैनी, आभाळ बघा जरा."

"तीन सालं म्या भिंत बघायले. तुमी एक दिस आभाळ बघा."

माणसं हसली, पण थोडीच. खतासाठी आलेला एक शेतकरी पुढं झाला. दोन वर्षं त्याच्या रानात कुसळ उगवलं नव्हतं. तो हात जोडूनच बोलला, "अक्का, भिजलं तर आमी काय टाकावं?" तिनं सुई वाकळीत टोचून ठेवली आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्येंनी सांगावं. मालक सांगत्याल तसं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या घरापासून शंभर पावलांवर चेअरमनचा पत्र्याचा गोठा होता. दुष्काळात जनावरं विकल्यापासून मोकळाच पडला होता. एक नाही, दोन ट्रक मावले असते. ते मला माहीत होतं, चेअरमनला माहीत होतं, हमालालासुद्धा माहीत असंल. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चेअरमन माझ्याकडं बघत होते, आणि पुढच्या वर्षी कमिटीची निवड होती.

म्या म्हणालो, "ऊठ. गावाचं काम हाय."

ती उठली. वाकळ काखेत घेतली आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली. पुढून वाट होती, पण तिकडून पोती चालली होती. पाऊस त्या दिवशी आला नाही. त्यापुढं आठ दिवस आला नाही.

दोन वर्षांनी सोसायटीनं स्वतःचं गोडाऊन बांधलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्या भिंती कोपरभर आत खरवडल्या, नवी माती भरली, चुना दिला. खिडकीपाशी तिचं बसकर टाकलं. ती आली, भिंतीवरून हात फिरवला.

"चांगली झाली. द्या आता कुणाला."

"तुझ्यासाठीच केली की."

"मला मागंच बरं."

मग मास्तर राहिले, कंपाउंडर राहिला, धाब्यावरचा आचारी राहिला. एक गेला की दुसरा यायच्या आधी ती खोली झाडून काढायची, सारवायची. पण त्या खिडकीत बसलेली म्या तिला पुन्हा बघितली नाही. वाकळीसाठी लुगडी कुणी आणलीच तर म्हणायची, डोळं गेलं. डोळं गेलं नव्हतं. ज्वारीतला खडा तिला लांबून दिसायचा.

लोक मला विचारतात, भाडेकरू नेमका कसा बघावा. मी म्हणतो, तो नंतर बघा. आधी त्या खोलीत रोज बसणारं घरातलं माणूस कोण, ते बघा आणि त्याला विचारा. विचारून भागत नाही. उद्या दारात ट्रक उभा राहिला तर चारचौघांत त्याच्या बाजूला उभं राहायची धमक आपल्यात आहे का, ते आधी तपासा. नसंल तर खोलीला कुलूप घाला, भाडं नको.

शेवटच्या आजारात तिला मागच्याच खोलीत बाज टाकलेली होती. खोकला बसला की ती थोडी बोलायची. एका दुपारी म्या धीर करून सांगितलं, त्या दिवशी मी गोठ्याचं नाव घ्यायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, "गोठा मलाबी ठावा होता. तुमाला ठावं हाय, हे बी ठावं होतं. म्हणून तर तुमाला इचारलं."